सपोर्ट, ऊर्फ बेबीताईचा डबा

संध्या : बाबा, उतरा ना आता. ऑटोवाला टपरीवर जाऊन तंबाखूचा खर्रा घोटून आला, तरी तुमी आहे तसेच बसून आहे.

नत्थुजी : उतराले नाही थांबलो मी. तुह्या सासऱ्याले रामराम कराले थांबलो. रामराम इवाई! झाला रामराम. चाल बापू, बसस्टँड.

(अकोला. भाद्रपदातली दुपार. फाटकासमोर ऑटो उभा आहे. आत नत्थुजी, मांडीशी वॉकर, कुशीत पाण्याचा कॅन. बाहेर त्यांची लेक संध्या आणि तिचे सासरे शेषराव.)

शेषराव : अहो, बसस्टँड कसलं? आज सकाळी दवाखान्यातून सुटी झाली तुमची. मांडीत सळई आहे. वरूडपर्यंत बसच्या धक्क्यांनी त्या सळईचं काय होईल?

नत्थुजी : सळई लोखंडाची हाय, तिले काय होते? होईन तं मले होईन.

संध्या : ऐका मामाजी, असं बोलतात! डॉक्टरसमोर तोंडातून शब्द नाही निघाला. नुसतं "हौ साहेब, हौ साहेब".

नत्थुजी : डाक्टर काय म्हनला? म्हनला, काही दिवस सपोर्ट लागन. हा पाहा सपोर्ट. ॲल्युमिनियमचा हाय. याले चार पाय हाय, माह्यापेक्षा दोन जास्त. अजून कोनाचा सपोर्ट पाहिजे मले?

शेषराव : नत्थुजी, सपोर्ट या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे तुम्हाला?

संध्या : झालं. मामाजी, नका. हात जोडते.

नत्थुजी : बोलू दे वं त्यायले. रिटायर झाल्यापासून वर्ग नाही भेटला त्यायले. आज एक विद्यार्थी सापडला, थोही पळू न शकनारा.

शेषराव : पळणारे मी बार्शीटाकळीच्या शाळेत खूप पाहिले. पण मागच्या बाकावर बसून मास्तरचीच शिकवणी घेणारा विद्यार्थी तुम्हीच. सांगा, सपोर्ट म्हणजे काय?

नत्थुजी : सपोर्ट म्हंजे आमी गावातल्या भगवंताले सरपंचकीत देल्ता थो. पडला बिचारा.

शेषराव : तो पाठिंबा. मी मुळाबद्दल बोलतोय. शब्दालाही मूळ असतं, तुमच्या संत्र्याच्या झाडासारखं. हा शब्द लॅटिनमधला. 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणं. अकोला स्टेशनवर लाल सदऱ्यातला पोर्टर आहे ना, तो त्याच घराण्यातला. तुमचा संत्रा बांगलादेशात जातो, तो एक्सपोर्ट. म्हणजे बाहेर वाहणं.

नत्थुजी : जाये पहिले. त्यायनं ड्यूटी वाढोली, तवापासून दिल्लीलेच जाते बहुत करून.

शेषराव : दिल्लीला जातो तो ट्रान्सपोर्ट. इकडून तिकडे वाहणं. आता सपोर्ट. पोर्टच्या आधी जे चिकटलंय ते मूळचं 'सब'. सब म्हणजे खाली. म्हणून सपोर्ट म्हणजे खालून वाहणं.

नत्थुजी : म्हंजे हमाल.

शेषराव : हमाल डोक्यावर वाहतो, त्याचं ओझं जगाला दिसतं. हे खालून. वर बसलेल्याला पत्ताच नसतो. तो आपला कॅन कुशीत धरून तोऱ्यात असतो.

नत्थुजी : टोमना पोचला, मास्तर.

शेषराव : अजून गंमत पुढेच आहे. लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचांच्या घरी गेला आणि तिथून इंग्रजांकडे आला. फ्रेंचांकडे असताना त्याचा अर्थ झाला सोसणं. निभावून नेणं. आजही एखादा फ्रेंच माणूस म्हणाला, "मी याला सपोर्ट करू शकत नाही", तर समजावं, याला त्याचं तोंडही बघवत नाही.

नत्थुजी : असं काय! म्हंजे चार वर्षांपासून माही पोरगी तुमाले सपोर्ट करून राहिली.

संध्या : फुल सपोर्ट!

शेषराव : सूनबाई!

संध्या : तुमीच शिकवलं ना मामाजी, आत्ताच. शब्दाचं मूळ सापडलं असेल तर आता बाबांचा पाय उचलू लागा. भाकरी थंड होऊन राहिल्या.

नत्थुजी : भाकरीचं नाव नोको काढू. तुले सारं माहीत हाय, मंग कशाले?

शेषराव : मला नाही माहीत. मला सांगा ना. इथेच, सुनेसमोर, मोठ्यानं.

नत्थुजी : मोठ्यानं सांगाले काय झालं? लेकीच्या घरी लेकरू खेळेस्तोवर बापानं तिच्या घरचं पानी पेऊ नाही, अन्न खाऊ नाही. माह्या बापानं पाळलं, त्याच्या बापानं पाळलं. संध्याची माय दुर्गाबाई होती तवा थेही पाळे.

शेषराव : तुमची दुर्गाबाई होती तेव्हा संध्याचं लग्नच कुठे झालं होतं?

नत्थुजी : नंदेच्या पोरीकडं पाळे. सवय ठेवे.

शेषराव : बरं, मला कायद्यानं बोलू द्या. घर कोणाच्या नावावर आहे? माझ्या. नळ कोणाच्या नावावर? माझ्या. यात संध्याचं काय आहे? तुम्ही लेकीचं पाणी पिऊच नका. इवायाचं प्या.

नत्थुजी : नळ तुमचा. पन रांजन कोन भरते?

शेषराव : मी भरीन.

संध्या : तुमी? रांजण? भराच मामाजी एकदा, मी व्हिडिओ काढून ठेवते. सासूबाई बार्शीटाकळीहून आल्या की दाखवते.

शेषराव : त्या भावाकडे महालक्ष्म्यांना गेल्यात तोवर स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे असं समजा. भाजी मी करतो, भाकरी मी थापतो. मग तर झालं?

नत्थुजी : मांडी मोडली हे पुरे नाही का? पोटबी बिघडवता? अन् तसंबी तुमचं अकोल्याचं पानी खारं.

शेषराव : चार वर्षांत एक घोट घेतला नाही आणि खारं म्हणता!

नत्थुजी : ऐकून हावो. खारपानपट्टा साऱ्या दुनियेले माहीत हाय.

शेषराव : तो तिकडे पूर्णेकाठी. इथे धरणाचं पाणी येतं. नत्थुजी, मदत घेण्यात एवढं लाजण्यासारखं काय आहे?

नत्थुजी : मदत नोको मले. थो शब्दच नोको.

शेषराव : शब्द तर आपला नाहीच. अरबांकडून आला. त्याच्या मुळाशी लांब करणं आहे, ताणणं, पुढे करणं.

नत्थुजी : काय पुढं करनं? हात?

शेषराव : हातच समजा.

नत्थुजी : मंग तं नोकोच नोको. हातानं देनं जमते मले. लांब करनं कधी जमलं नाही.

संध्या : जमलं नाही म्हणूनच पडले. मामाजी, तुमाले माहीत आहे का हे पडले कसे? संत्र्याच्या फांदीले टेकू देता देता! झाडाले टेकू लावला अन् स्वतः खाली. भगवंतकाका म्हणत होते, "दाजी, मी चढतो शिडीवर, तुमी बांबू धरा." नाही. हेच चढणार.

नत्थुजी : भगवंताले जमत नाही थे. थो बांबू असा लावते, जसं फांदीले कोनी लाथ मारली. ऐका इवाई, तुमी शब्दाचं सांगता, मी झाडाचं सांगतो. आता फळं भरून राहिली. फांदी वाकते. तिले खालून बांबू लावा लागते. पन जोरानं लावला तं साल सोलते, फांदी रागावते, तथीच वाळते. म्हनून बांबूच्या दुबेळक्यावर, वरच्या बेचक्यावर, आधी पोत्याचं फडकं गुंडाळा लागते, मऊ. मंग हळूच सरकवा लागते. फांदीले समजलंच नाही पाहिजे की आपल्याले कोनी उचलून धरलं.

शेषराव : म्हणजे लॅटिनवाल्यांकडेही संत्र्याचा बगीचा असावा.

नत्थुजी : असन. नाहीतं इतका चांगला शब्द कसा सुचला त्यायले?

संध्या : फांदीचं एवढं समजते, मग स्वतःचं काहून नाही समजत?

नत्थुजी : फांदीले लेक नसते ना, माय. तिचं सोपं असते.

शेषराव : मग आता काय? ऑटोतच मुक्काम करायचा?

नत्थुजी : नाही. माह्याकडं एक उपाय हाय. पाहा, मीबी काही अडून बसनारा मानूस नोहो.

संध्या : नाही, बिलकुल नाही!

नत्थुजी : मी तुमच्या वरांड्यात पडतो. वरांडा म्हंजे घर नोहे. वरांडा म्हंजे रस्ताच, फक्त टिनाखालचा. अन् दवाखान्यात ज्या बेबीताईच्या खानावळीतून मले डबा ये, थोच डबा अथी सुरू ठेवा. खानावळीचं अन्न, रस्त्यावरची जागा. लेकीचं घर मधात येतच नाही. कसं?... काहून एकमेकाकडं पाहून राहिले दोघंही?

शेषराव : छे, छे. मी जरा विचार करत होतो.

नत्थुजी : विचार काय करता? डबा आना लागते, इतकंच. तसंबी आनूनच राहिले होते ना तुमी, स्कूटरवर? दोन्ही वखत?

शेषराव : हो, ते... आणत होतो.

नत्थुजी : अन् काय डबा, इवाई! खरं सांगतो, सळईनं नाही, थ्या डब्यानं उभा झालो मी. ज्वारीची भाकर, पातळ, काठ न फाटलेली. अंबाडीची भाजी, वरून लसनाचं तेल. अन् शनिवारी उडदाचं वरन. खानावळीत कोन करते वो उडदाचं वरन? थ्या बाईले भेटल्याबिगर नाही जात मी. चाल बापू, बसस्टँड राहू दे. आधी बेबीताईची खानावळ. इवाई, पत्ता सांगा त्याले.

शेषराव : रतनलाल प्लॉटच्या मागे.

संध्या : जुन्या शहरात.

नत्थुजी : दोन खानावळी हाय तिच्या?

शेषराव : शाखा आहे एक.

नत्थुजी : वा! बाई कर्ती हाय. म्हातारी हाय का?

शेषराव : बरीच.

संध्या : तरणीच म्हणाची.

नत्थुजी : रतनलाल प्लॉटात म्हातारी अन् जुन्या शहरात तरनी? रस्त्यानं चालता चालता वय कमी होते का तिचं?

शेषराव : त्याचं असं आहे, नत्थुजी, की थोरल्या बेबीताई आणि धाकट्या बेबीताई...

संध्या : मामाजी, बस करा आता.

शेषराव : मी सांभाळतोय ना, सूनबाई.

संध्या : सांभाळून नाही राहिले, अजून एक बाई जन्माले घालून राहिले. बाबा, कोणी बेबीताई नाही. खानावळ नाही. बाजारातून डबा आणला तो फक्त रिकामा, नवीन, तुमाले ओळखू येऊ नये म्हणून. आतलं सारं मी केलं. या घरच्या चुलीवर, या घरच्या पाण्यात. उडदाचं वरण बी. शनिवारी तुमाले तेच लागते म्हणून.

शेषराव : नाव माझं होतं, नत्थुजी. म्हणजे बेबीताई हे नाव मी ठेवलं. राग माझ्यावर काढा.

संध्या : राग माझ्यावरच काढू द्या त्यायले. बाबा, तुमचा नियम मोडला. मी मोडला. आता उतरू नका पाहिजे तं, पण माझं ऐकून घ्या. चार वर्षं झाली तुमी या घरी येऊन राहिले. येता, संत्र्याचं पोतं उतरवता, वरांड्यात बसता, आपल्या कॅनमधलं पाणी पेता, अन् जाता. शेजारच्या माणिकबाई विचारतात, "काय वं, तुह्या बापाचं भांडण आहे का तुह्या सासरी?" मी म्हणते, नाही, तब्येतीनं नाजूक आहेत.

नत्थुजी : मी? नाजूक?

संध्या : मग काय सांगू? या घरात लेकराचं नाव कोणी काढत नाही, बाबा. मामाजी नाही, सासूबाई नाही, तुमचे जावई कुलदीप तं नाहीच नाही. व्हायचं तवा होईल म्हणतात, नाही झालं तरी आपण दोघं आहो म्हणतात. नाव काढता तुमी एकटेच. तोंडानं नाही काढत. त्या कॅननं काढता. तो कॅन पाहिला की मले आठवते, की अजून काही झालं नाही. मी फाटक उघडाले येते तवा आधी तुमचं तोंड नाही पाहत. कॅन आणला का ते पाहते.

शेषराव : सूनबाई, हे तू मला कधी...

संध्या : तुमाले सांगितलं असतं तर तुमी त्याचं लॅटिन सांगितलं असतं.

शेषराव : नसतं सांगितलं गं.

नत्थुजी : तुह्या मायच्या तोंडून ऐकलेलं होतं मी, पोरी. हा नियम मी माह्या मनानं नाही काढला. थे दळन दळे पहाटं, जात्यावर म्हने...

बाप गेला लेकीकडं, उभा राहे अंगनात
तहान घेऊन माघारी, चाले बाई उन्हात

थे म्हने अन् मी चहा पेत ऐको. मले वाटे, असंच असते. बापानं उन्हात चालाचं असते.

संध्या : तुमी चहा पेऊन बगीच्यात निघून जात.

नत्थुजी : जाओ मी. मंग?

संध्या : मग बाकीची ओवी कोणी ऐकली? जात्याच्या दुसऱ्या बाजूला मी बसो. ती थांबली नाही त्याच्यावर. पुढं म्हणे...

लेक म्हने बाबा, माहा रांजन भरला
तुमच्यावाचून त्याचा, तांब्या पालथा राहिला

नत्थुजी : ...हे दुर्गाबाई म्हने?

संध्या : रोज.

नत्थुजी : मले कधी नाही सांगितलं तिनं.

संध्या : तुमी कधी बसले दळाले?

शेषराव : बाजूला जाऊ का मी थोडा? ऑटोवाल्याशी बोलतो.

नत्थुजी : थांबा इवाई. तुमी कुठी जाता? तुमचाबी हिशेब हाय. थ्या ऑटोवाल्याले काय सांगसान, बेबीताईची तिसरी शाखा? पोरी, इकडं ये. जवळ ये. थो डबा, दवाखान्यातला, पहिल्या दिवशीचा. त्यावर फडकं बांधलं होतं, चौकटीचं.

संध्या : हौ. सांडू नये म्हणून.

नत्थुजी : त्याची गाठ कोनी मारली होती?

संध्या : मीच. कोण मारणार?

नत्थुजी : तू डावखुरी. तुही गाठ उलटी पडते. लहानपनी न्याहारी घेऊन बगीच्यात ये ना तू, तवा सारे मजूर म्हनत, "दाजी, आज भाकर संध्यानं बांधली, सुटून नाही राहिली." साऱ्या तालुक्यात अशी गाठ दुसरी कोनी मारत नाही. इवायानं थो डबा टेबलावर ठेवला अन् म्हनलं, बेबीताईच्या खानावळीतला हाय. मी गाठीकडं पाहिलं. अन् म्हनलं, बरं.

शेषराव : म्हणजे पहिल्या दिवसापासून?

नत्थुजी : पहिल्या घासाच्याबी आधीपासून.

संध्या : अन् बोलले नाही?

नत्थुजी : बोललो असतो तं डबा बंद करा लागला असता. माह्याच तोंडानं. माह्याच तोंडानं बंद करन अन् मंग त्याच तोंडानं काय खान? दवाखान्याची खिचडी? पातळ पानी, मांजराले पुरत नाही. तोंड बंद ठेवलं, पोट चालू ठेवलं.

शेषराव : आणि मी मूर्खासारखा दोन्ही वेळा रंगवून सांगत होतो, आज बेबीताईची गर्दी होती, आज बेबीताईंना ताप आहे!

नत्थुजी : इतकंच असतं तं माफ केलं असतं. संध्या, तुह्या सासऱ्याचं ऐक. डबा ठेवत अन् माह्यासमोर बसून म्हनत, "बेबीताईचं मीठ जरा जास्तच असतं, नाही?" "बेबीताईची भाकरी आज कडक वाटते." मजा घेत बसत! त्यायले वाटे, हा म्हातारा काय समजते.

संध्या : मामाजी!

शेषराव : ते आपलं... संभाषण चालू ठेवायला.

संध्या : घरी तं म्हणता, "सूनबाई, अगदी बेताचं मीठ!"

शेषराव : घरी मला सपोर्टची गरज असते.

नत्थुजी : पाहा, धरले गेले की शब्दामागं लपतात. मास्तर लोकायचं असंच असते.

संध्या : अन् तुमचं, बाबा? सारं माहीत होतं तर आज हे नाटक काहून? बसस्टँड, वरांडा, बेबीताईचा पत्ता! मले रडवलं तुमी.

नत्थुजी : थेच तं सांगाले जमून नाही राहिलं. दवाखान्यात बेबीताई होती मधात. बांबूवर फडकं असते ना, तशी. तुमी बरोबर लावलं होतं, मऊ. मले कुठी टोचलं नाही. पन अथी घरात? अथी तं तूच समोर बसून वाढशीन. फडकं निघून जाईन. मंग मी काय म्हनन? कोनाचं अन्न हाय म्हनन? माह्याच्यानं इतके दिवस थे तोंडानं म्हनलं गेलं नाही. सवय नाही ना.

संध्या : काही म्हणू नका. जेवा फक्त.

नत्थुजी : तुह्यावर ओझं नाही पडाले पाहिजे, म्हनून होतं थे सारं. बाकी काही नाही. दुसरं कारन माह्या मनात कधी आलं नाही, लेकराची शपथ... नाही, शपथ राहू दे. खरंच नाही आलं.

संध्या : माहीत आहे. पण ओझं आहे का नाही, हे मले विचाराचं होतं. शिडीवर चढून तुमीच ठरवलं.

शेषराव : नत्थुजी, ऑटोवाला खर्रा थुंकून आला. आता तो दुसरा बनवायला जाईल. उतरता का?

नत्थुजी : उतरतो. धरा. तसं नाही! बगलेतून नोको, दुखते. खालून धरा, इवाई. मांडीखालून हात घाला.

शेषराव : असा?

नत्थुजी : हं. आता समजलं तुमाले सपोर्ट काय असते. इतके वर्षं नुसतं फळ्यावर लिहिलं.

शेषराव : जड आहात हो तुम्ही!

नत्थुजी : सोसा. फ्रेंच अर्थ.

संध्या : हळू! मामाजी, वॉकर पुढं ठेवा. बाबा, डावा पाय आधी. इकडं कुठं वळले? वरांडा नाही. आत.

नत्थुजी : वरांड्यात हवा चांगली हाय म्हनलं...

संध्या : आत पंखा आहे.

नत्थुजी : बरं वं माय. मारते का आता? हा कॅन घे. पानी उरलं हाय अर्धं. थ्या जास्वंदीच्या बुडाशी टाक. कॅन फेकू नोको, चांगला हाय, तेल भराले होईन.

शेषराव : बसा इथे, खुर्चीवर. सूनबाई, पाणी.

नत्थुजी : तुमी नोका सांगू. मी सांगतो. संध्या... पानी आन वं.

संध्या : आणलं. घ्या.

शेषराव : कसं आहे? खारं आहे का? आता तरी अधिकारानं सांगा.

नत्थुजी : एका तांब्यात नाही समजत, इवाई. दुसरा आन पोरी.

संध्या : हळू प्या, ठसका लागेल. पान वाढते मग. अन् मामाजी, तुमच्या वरणात मी आज मीठच टाकत नाही.

शेषराव : अगं, ते बेबीताईबद्दल होतं!

नत्थुजी : हो, बेबीताई. तिचं राहिलंच की. भेटन कधी तुले, रांजनापाशी असन बहुतेक, तवा तिले एक निरोप सांगजो माहा.

संध्या : काय सांगू?

नत्थुजी : म्हनजो, दवाखान्यात तिचा बाप एकबी रात्र उपाशी नाही झोपला.